राणी म्हातारी का होत नाही? (घरातले जुने चांदीचे रुपये)

मुक्ता_क
आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला पाटावर चांदीचे रुपये मांडतात. आजी होती तोवर त्या पुरचुंडीला दुसऱ्या कुणी हात लावायची सोय नव्हती. पूजा झाली की ती रुपये पाण्यातून काढायची, आजोबांच्या जुन्या धोतराच्या फडक्याने एकेक टिपायची, मोजायची आणि पुन्हा कपाटाच्या खालच्या खणात. यंदा ते काम माझ्याकडे आलं. एकूण तेवीस रुपये. मी पहिल्यांदाच नीट बघितले आणि सालवार लावले. व्हिक्टोरिया राणीचे नऊ, मुकुट नसलेल्या राजाचे तीन, मुकुटवाल्या राजाचे आठ, एक १९४४ चा आणि एक वेडावाकडा, फारसी अक्षरांचा.

माझा प्रश्न राणीबद्दल आहे. सगळ्यात जुना १८६२ चा, सगळ्यात नवा १९०१ चा. मध्ये ३९ वर्षं गेली. १८६१ च्या डिसेंबरात तिचा नवरा वारला, पुढे नातवंडं-पतवंडं झाली, ८१ वर्षांची होऊन ती गेली. रुपयावर मात्र तीच भरलेली मान, तेच नाक, झग्यावरचं तेच भरतकाम. अक्षरं तेवढी बदलली, 'क्वीन'ची 'एम्प्रेस' झाली. बाई एका दिवसानेही थकली नाही. असं का?

आणि एक उपप्रश्न. नवांतले चार रुपये १८६२ चेच आहेत. त्या वर्षी आमच्या पणजोबांना लॉटरी लागली होती का?

फुकटचा_सल्ला
स्थळांना पाठवायला एकदा चांगला फोटो निघाला की पुढे कोण बदलतं?

सुमेधा७
फुकटचा_सल्ला, हसून हसून पुरेवाट!
मुक्ता, फोटो टाक ना. आमच्याकडेही लक्ष्मीपूजनाला असतात, पण पाचच. बाकीचे वाटण्यांत गेले.

कलदार
आधी उपप्रश्न, कारण तो सोपा आहे. १८६२ हे त्या रुपयावर कोरलेलं साल आहे, तो पाडल्याचं असेलच असं नाही. राणीच्या सरकारने १८६२ चा ठसा धरला आणि पुढची दहा-बारा वर्षं साल न बदलता रुपये पाडले. कंपनी सरकारचीही हीच रीत होती. विल्यम राजाचा रुपया १८३५ चा, तो १८४० येईपर्यंत तसाच. मग राणीचा १८४० चा, तो थेट १८६२ पर्यंत. म्हणून हे तीन आकडे सगळ्यांच्या घरी सापडतात.

तुमच्या चार रुपयांच्या मागच्या बाजूला भिंग लावून बघा. सालाच्या आसपास बारीक ठिपके दिसतील, एकावर एक, दुसऱ्यावर दोन-तीन. मुंबईच्या टांकसाळीत त्या ठिपक्यांनी पाडल्याचं वर्ष ओळखायची खूण ठेवलेली असे. संग्राहक त्या ठिपक्यांवरून भांडतात. मीही भांडलेलो आहे.

मुक्ता_क
बघितले! एकावर सालाखाली ठिपका आहे. मी तो मळ समजून नखाने काढायला गेले होते.

कलदार
नखाने ठीक आहे. दुसरं काही लावू नका. हात जोडून सांगतो.

अनघा_मो
उशीर झाला, माझ्याकडून घडून गेलंय. सासूबाईंनी दिलेले अकरा रुपये काळे पडले होते. भांडी घासायच्या पावडरीने असे लखलखीत केले की सासूबाईंनीही कौतुक केलं. मग एका सराफाकडे दाखवायला नेले. त्याने एक उचलला, दिव्याखाली फिरवला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. "घासलेत का?" एवढंच विचारलं. राणीच्या गालावर सगळीकडे बारीक गोल चरे. आता उजेडात धरलं की तेच आधी दिसतात.

कलदार
@अनघा_मो, तो काळेपणा म्हणजे मळ नव्हे. चांदीवर हवेतल्या गंधकाचा हळूहळू चढलेला थर असतो तो. कडेला निळसर, मध्ये तपकिरी असा चढला तर जाणकार त्याचेच जास्त पैसे देतात. पावडर, चिंच, लिंबू, टूथपेस्ट, सगळं वर्ज्य. फार तर ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात बुडवून मऊ कापडाने टिपावं, चोळू नये. आणि ते मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे कप्पेवाले अल्बम घेऊ नका. ते पीव्हीसीचे असतात, काही वर्षांत नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो.

मुक्ताच्या आजीने टिपून ठेवले, घासले नाहीत. बाईंना कळत होतं.

परभणीकर
आमच्या भागात दोन चांद्या होत्या बघा, हाली अन् कलदार. हाली म्हणजे निझामाचा रुपया, त्याच्यावर चारमिनार. कलदार म्हणजे इंग्रजाचा. आजोबा सांगायचे, सात हाली दिले की सहा कलदार. लहानपणी मला वाटायचं इंग्रजाचा रुबाब म्हणून त्याचा रुपया महाग. मोठेपणी तपासलं. कलदार ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम निव्वळ. हाली ११.१८ ग्रॅमच्या आसपास, चांदी ८१.८ टक्के, निव्वळ ९.१४. आता भागा एकाला दुसऱ्याने. सातास सहा येतंय का नाही? रुबाब-बिबाब काही नव्हता, काटा होता.

चारमिनारच्या मधल्या कमानीत एक बारीक फारसी अक्षर असतं, ते बघा. 'मीम' असलं तर महबूब अली खानाचा, 'ऐन' असलं तर उस्मान अली खानाचा. राजाचं थोबाड नाही, एका अक्षरात काम.

सुमेधा७
परभणीकर, हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

टांकसाळ्या
कलदार हा शब्दच बघा. कळ म्हणजे यंत्र, कळीवर पाडलेला तो कलदार. त्याआधीचे रुपये हाताने, घणाखाली. खाली एक ठसा, वर चांदीची चकती, तिच्यावर दुसरा ठसा, मग घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अख्खा मजकूर एका नाण्यावर कधीच येत नाही. एकावर बादशहाच्या नावाचं शेपूट, दुसऱ्यावर डोकं. चार-पाच नाणी जुळवून वाक्य पुरं करावं लागतं. मुक्ताचा 'वेडावाकडा' याच जातीचा असणार. त्यावर कुठे आकड्यासारखी खूण आहे का? काठीला वाकडा हूक लावल्यासारखी?

मुक्ता_क
आहे!! मी तिला फारसी अक्षर समजत होते. शिवाय दोन-तीन ठिकाणी टोचा मारल्यासारखे खड्डे आहेत.

टांकसाळ्या
अभिनंदन, तुमच्याकडे अंकुशी रुपया आहे. तो हूक म्हणजे हत्तीला आवरायचा अंकुश. खड्डे सराफांचे. नाणं हातात आलं की खात्रीसाठी ते टोचून बघत आणि स्वतःची खूण उठवत. आज आपण त्याला खराबी म्हणतो, तेव्हा ती हमी होती.

जोशीबुवा
अंकुश हे गणपतीच्या हातातलं आयुध, आणि पेशव्यांचं आराध्य गणपती. हिंदवी राज्याचं चिन्ह नाण्यावर आलं, हे किती अभिमानाचं!

टांकसाळ्या
बुवा, गणपतीचं मलाही पटतं. पण अंकुशाभोवती काय लिहिलंय ते वाचलं तर गंमत कळेल. 'सिक्का मुबारक बादशाह गाझी शाह आलम.' मागे 'जुलूस' आणि 'मैमनत मानूस', म्हणजे शुभ कारकिर्दीचं अमुक वर्ष. थोडक्यात, पुण्याचा रुपया दिल्लीच्या बादशहाच्या नावाने. तोच शाह आलम, ज्याचे डोळे १७८८ मध्ये गुलाम कादिरने काढले आणि ज्याला महादजी शिंद्यांनी पुन्हा गादीवर बसवलं. सत्ता आपली, नाव त्याचं, आणि कोपऱ्यात आपला एवढासा अंकुश. चांदवडचा चांदोरी रुपया घ्या, त्यावर टांकसाळीचं नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर' असं.

जोशीबुवा
शिवछत्रपतींनी असलं काही केलं नव्हतं. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति', स्वच्छ देवनागरीत.

टांकसाळ्या
अगदी खरं. पण ती शिवराई तांब्याची आणि होन सोन्याचा. चांदीच्या बाजारात मुघली रुपयाची सवय एवढी मुरलेली होती की तिथे नवा चेहरा आणणं म्हणजे बट्टा ओढवून घेणं.

कलदार
आता आलात मुद्द्यावर. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो ना आपण, तो हाच बट्टा. परक्या किंवा जुन्या नाण्यामागे सराफ जी कपात करतो ती.

बंगालमधली तऱ्हा ऐका. त्या वर्षीचा ताजा रुपया तो 'सिक्का', त्याला पूर्ण किंमत. वर्ष उलटलं की शेकडा तीन बट्टा, त्यापुढे शेकडा पाच. चांदी तेवढीच, वजन तेवढंच, फक्त बादशहाच्या गादीवरच्या वर्षाचा आकडा जुना झाला. सराफांची चैन होती. कंपनीने यावर साधा उपाय काढला. शाह आलमच्या १९ व्या वर्षाचा आकडा धरला आणि पुढे वर्षानुवर्षं प्रत्येक रुपयावर '१९ सन'च टाकला. रुपया जुना होणंच बंद! सुरती रुपयावर तसाच ४६ गोठवला.

मुक्ता, तुमचं १८६२ हे मला त्या १९ सनचं नातवंड वाटतं. राणीचंही तसंच. बादशहाचा आकडा गोठवता येतो, तर राणीचं वय का नाही?

नाना_ठाकूर
असहमत. एवढा खोल विचार नसतो हो सरकारात. मी ३४ वर्षं सरकारी नोकरी केली आहे. ठसा तयार आहे, चालतोय, बदलायला कागद हलवावा लागेल, कोण हलवतो? संपला विषय.

टांकसाळ्या
नाना, तसं असतं तर विलायतेतही हलला नसता. तिकडे तिच्या नाण्यांवरचा चेहरा १८८७ मध्ये बदलला आणि १८९३ मध्ये पुन्हा. शेवटचा तर डोक्यावरून पदर घेतलेल्या म्हातारीचा. म्हणजे म्हाताऱ्या राणीचं चित्र तयार होतं. ते इथल्या रुपयावर आणलं नाही एवढंच.

सुमेधा७
म्हणजे सासरी म्हातारी आणि माहेरी तरुण.

फुकटचा_सल्ला
तिचं माहेर कुठलं आणि सासर कुठलं, यावर स्वतंत्र धागा काढा.

अनघा_मो
मला वाटतं त्यात मिरवणंही असेल. ज्या राणीला इथे कुणी कधी बघणार नाही, तिला थकलेली कशाला दाखवा? देवाच्या मूर्तीचं वय कुठे वाढतं?

गोदाकाठ
उलट उदाहरण देतो, आमच्या नाशिकचं. जोगळटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांच्या वर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, क्षहरात घराण्यातला राजा नहपान याची नाणी. लहान, जेमतेम नखाएवढी, पण त्यावर राजाचा चेहरा. आणि गंमत अशी की चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे गाल भरलेले, कुठे बसलेले, कुठे नाक सरळ, कुठे बाकदार, कुठे तरुण, कुठे चक्क म्हातारा. भोवती ग्रीक अक्षरं, तीही कोरणाऱ्याला न कळता गिरवलेली.

आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलाय. नहपानाला हरवलं, खजिना हाती आला, तर वितळवत बसला नाही. त्याच नाण्यांवर, राजाच्या तोंडावरच, तीन कमानींचा डोंगर उठवला आणि मागे उज्जैनचं चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. मी हे जवळून पाहिलं तेव्हा डोंगराच्या कमानीखालून नहपानाचा कान बाहेर आला होता. नाक गेलं, कान राहिला. विजयाची दवंडी आणखी कशी पिटायची?

ज्यांना रस आहे त्यांनी अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, तिथे जाऊन यावं. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं संग्रहालयही आहे.

परभणीकर
कान राहिला हे भारीच.

रोहन_९६
मी नवीन आहे. व्हिडिओत दाखवतात की १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं हनुमानाचं नाणं कोटीला जातं. आमच्या गावात एकाकडे आहे. तो म्हणतो तांदूळ ओढतं. घ्यावं का?

कलदार
नको. कंपनीने राम दरबाराचं किंवा हनुमानाचं नाणं कधीही काढलेलं नाही. ते अलीकडे बनवलेले देवाचे टाक समजा. पूजेला ठेवा, गुंतवणूक म्हणून नको. जुनी नाणी लाखांत विकत घेतो म्हणून आधी 'नोंदणी फी' मागणारेही फिरतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिच्या नावाने चाललेल्या या प्रकाराबद्दल जाहीर सावध केलं होतं.

फुकटचा_सल्ला
तांदूळ ओढतं तर रेशनच्या दुकानात ठेवा.

विदर्भवीर
आमच्या काकांच्या वावरात नांगरताना मडकं निघालं होतं म्हणे. घरात कुणीच बोलत नाही त्याबद्दल.

नाना_ठाकूर
तुम्हीही बोलू नका, निदान इथे. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडवलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांपुढची नाणी देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, तेही लक्षात असू द्या. परदेशातल्या भाच्याला भेट द्यायची टूम निघते अधूनमधून.

सुमेधा७
डुकराचा रुपया कुणी सांगितलाच नाही अजून!

टांकसाळ्या
घ्या. पाचवा जॉर्ज गादीवर आला, १९११ चे रुपये निघाले. राजाच्या अंगरख्यावर मानचिन्हाची साखळी आहे, तिच्यात मोर, कमळं, गुलाब आणि हत्ती. पण हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमानांना ते हातात घेणं नको झालं, गदारोळ उठला. बाजारात थोडे गेले होते, उरलेले वितळवले आणि १९१२ पासून सोंड लांब केली. एवढ्याशा त्या हत्तीवरून अख्खा रुपया परत घ्यावा लागला. नानांनी म्हटलेला कागद तेव्हा मात्र चटकन हलला.

आता सांगा, ज्या बाजाराला हत्तीच्या सोंडेतला फरक दिसतो, त्याच्यापुढे राणीच्या सुरकुत्या न्यायची छाती कुणाची होईल?

नाना_ठाकूर
हं. हा मुद्दा चांगला आहे. तरी आळस पूर्ण बाद नाही.

जोशीबुवा
सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुट का नाही? आमचे वडील त्याला 'बोडक्याचा रुपया' म्हणत.

फुकटचा_सल्ला
आईने ३९ वर्षं काढला नाही, म्हणून चिरंजिवांनी घातलाच नाही.

मुक्ता_क
किती काय काय मिळालं! आज दुपारभर भिंग घेऊन बसले होते. अहवाल:

मुकुटवाल्या राजाचा सगळ्यात जुना १९१२ चा. सोंड चांगली लांब. हत्तीच आहे, दुर्दैवाने.

१९४४ चा वाजवला तर बाकीच्यांसारखा टणत्कार येत नाही. रंगही मेल्यासारखा. नकली का?

एका राणीच्या वरच्या कडेला डाग दिल्याचा, म्हणजे झाळल्याचा खडबडीत ठिपका आहे. आई म्हणाली, ते नाणं आजीच्या गळ्यात होतं, कडी जोडून. नंतर कडी काढून घेतली.

कलदार
१९४४ चा खरा आहे. महायुद्धात चांदी पुरेना, म्हणून १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी, बाकी तांबं, निकेल, जस्त. त्याच्या कडेला बघा, मधोमध खाच आणि तिच्यात नक्षी आहे. नक्कल करणाऱ्यांना ती सहज जमू नये म्हणून.

कडीच्या डागाने बाजारभाव पडतो. तुम्ही विकणार नाही, तर सोडून द्या.

विदर्भवीर
एक विचारू का? नऊ, तीन, आठ, एक, एक. बावीस होतात. तेविसावा कुठाय?

मुक्ता_क
पकडलं! तेविसावा मी मुद्दाम लिहिला नव्हता, कारण तो नकली निघाला. फ्रिजवरच्या चुंबकाला टक्कन चिकटतो. आजीला कुणीतरी फसवलं असणार.

कलदार
साल १९४७ आहे का? मागे वाघ?

मुक्ता_क
हो!

कलदार
फसवलं नाही कुणी. इंग्रज राजाचा तो शेवटचा रुपया, शुद्ध निकेलचा. निकेल चुंबकाला चिकटतंच. चांदी तेव्हा रुपयातून संपली होती.

मुक्ता_क
आत्ता आईला विचारलं. आजीचं लग्न त्याच सुमाराचं. ओटीत आलेला रुपया तो. पाटावर मांडताना ती सगळ्यांत आधी 'वाघाचा' ठेवायची, राणी त्याच्यानंतर. मी यंदा त्याला नवा म्हणून टोकाला सरकवला होता.

कलदार
पाटावर पहिला ठेवा. पण पुरचुंडीत वेगळ्या कागदात गुंडाळा. निकेल चांदीपेक्षा कडक असतं, राणीच्या गालावर चरे पाडेल.